ओगावा-सानांचा जास्तीचा तोफू

जपानमधल्या फुनाबोरीत पनीर मिळायचं, पण सुरुची केळकर भुर्जी करायची ती म्हाताऱ्या ओगावा-सानांच्या दुकानातल्या तोफूची, सोयाबीनच्या पनीरचीच. नवऱ्याच्या, स्वानंदच्या, नोकरीमुळे ती पुण्याहून इथे आली होती. जपानी बोलायची सवय व्हावी म्हणून रोज त्यांच्या दुकानात दोन वाक्यं बोलून यायची. चुकली तर ते हसायचे नाहीत. तेच वाक्य बरोबर करून हळूच परत म्हणायचे.

पुढे चिबातल्या एका छोट्या विद्यापीठात ती शाश्वत उद्योजकता शिकवायला लागली. "धंदा असा करा, की ज्याच्याकडून घेता तो झिजता कामा नये," असं ती पहिल्याच तासाला सांगायची.

मुलांना खराखुरा प्रकल्प हवा होता. ती त्यांना ओगावा-सानांकडे घेऊन गेली. सोयाबीनचं दूध काढल्यावर उरणारा चोथा ते रोज कचऱ्यात टाकत. हारुका नावाच्या मुलीला त्याची बिस्किटं सुचली. आधी बिस्किटं दगडासारखी झाली. मग सुरुचीने ओवा आणि मिरपूड घालायला सांगितली, आणि जमली. स्टेशनसमोरच्या बाजारात हातोहात खपली. एका मोठ्या दुकानाने तर दर आठवड्याची मागणी नोंदवली.

"ओगावा-सान, एवढा चोथा मिळेल?" हारुकाने विचारलं.

"मिळेल की. तुम्ही येत राहा म्हणजे झालं."

मुलं दुकानात यायची, गप्पा मारायची, गरम सोयादूध प्यायची. म्हातारा खुशीत असायचा. हात कापतात हे सुरुचीला एकदा दिसलं होतं. थंडीमुळे असेल, असं तिला वाटलं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी ओगावा-सान सोयाबीनच्या कढईपाशी कोसळले. हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

अंत्यविधीनंतर सुरुची आणि हारुका त्यांच्या पत्नीला, किमिको-सानना, भेटायला गेल्या. त्यांनी चहा दिला.

"तोफू घेणारे कमी झालेत," किमिको-सान म्हणाल्या. "पण तुम्हाला चोथा हवा, म्हणून हे जास्तीचा तोफू करायचे. अंधारात उठून. उरलेला आम्ही फेकून द्यायचो."

सुरुचीने विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"हे नको म्हणाले. मुलं यायची बंद होतील म्हणाले." त्यांनी कप खाली ठेवला. "पण तुमच्यापैकी कुणी विचारायला हवं होतं."

त्यानंतर हारुका वर्गात आलीच नाही. कितीतरी फोन केल्यावर एकदाचा तिने उचलला.

"सेन्सेई, मी पाणी मोजलं. वीज मोजली. पिशव्यासुद्धा कागदाच्या घेतल्या..." आणि तिने फोन ठेवला. मार्चअखेर तिने विद्यापीठ सोडलं आणि निगाताला आई-वडिलांकडे निघून गेली. सुरुचीच्या मेसेजना उत्तर आलं नाही.

नव्या विद्यार्थ्यांसमोर तो प्रकल्प यशोगाथा म्हणून मांडा, असं विभागप्रमुखांनी सुचवलं. सुरुचीने नकार दिला. मग तिच्या एका सहकाऱ्याने तो मांडला. पडद्यावर ओगावा-सानांचा हसरा फोटो आला, टाळ्या पडल्या. ती उठून बाहेर गेली आणि जिन्यात बसून रडली.

"अगं, त्यांनीच लपवलं, तू काय करणार होतीस?" स्वानंद म्हणाला.

"रोज जात होते रे मी तिथे," एवढंच ती म्हणाली.

किमिको-साननी दुकान बंद करायचं ठरवलं. सुरुची न बोलावता आवरायला गेली. दोघींनी लाकडी साचे उतरवले, भांडी घासली, तोफू गाळायची कापडं धुऊन वाळत घातली. दुपारी कापडांच्या घड्या घालताना सुरुचीने विचारलं, "तुम्ही माझ्यावर रागावलायत ना?"

"हो," किमिको-सान म्हणाल्या. मग कापडाचं दुसरं टोक त्यांनी तिच्या हातात दिलं. "नीट धरा. ओढून."