डिस्चार्ज

आमच्या बाबलदादाला मी मारलं. हत्यार : इंग्रजी-मराठी डिक्शनरी.

बाबलदादा माझा चुलतभाऊ, बोटीवर खलाशी. मिठबावच्या आमच्या वाडीत मॅट्रिक झालेला मी एकटाच, त्यामुळे गुरुवारी त्याच्या घरी तार आली तेव्हा ती वाचायला मलाच बोलावलं. (न बोलावता मी गेलोच असतो!) तारेत एवढंच होतं : 'बाबल डिस्चार्ज्ड एडन. अरायव्हिंग मंडे स्टीमर.'

'डिस्चार्ज' सोडून बाकी सगळं मला येत होतं. मी ऐटीत डिक्शनरी उघडली. पहिला अर्थ, गोळी झाडणे. दुसरा, जहाजातून माल उतरवणे. पुढे आणखी पाच-सहा होते, पण दोनातच काम भागल्यावर पुढे कोण जातो! मी घसा साफ करून सांगितलं की एडनला दादाला गोळी घातली, माल म्हणून खाली उतरवला आणि सोमवारच्या बोटीने पाठवताहेत.

काकी जमिनीवर कोसळली. तिचा तो एकुलता एक. आत्या दगड घेऊन वहिनीच्या बांगड्या फोडायला आली, तर वहिनीने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"तेंका बघल्याशिवाय मी चुडो फोडूचंय नाय," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "भावजीनू, एकदा जुझे मास्तरांका इचारून येवा."

जुझे मास्तर शेजारच्या गावात इंग्रजी शिकवायचे. पण मॅट्रिकला इंग्रजीत बावन्न मार्क मिळवलेल्या माणसाने दुसऱ्याला अर्थ विचारायचा? मी साफ नाही म्हणालो. आज आठवलं की माझीच मला लाज वाटते. चार दिवस ती बाई हात पाठीमागे धरून भिंतीला टेकून बसली होती. बायका टोमणे मारत होत्या आणि मी एकेकाला डिक्शनरीचं पान दाखवत होतो.

दरम्यान माझ्याच सल्ल्याने दादाच्या चितेसाठी दारचा रायवळ आंबा तोडला. त्याच्या लोणच्यावर काकीचं घर अख्खा पावसाळा जेवायचं. ओलं लाकूड पेटायचं नाही, म्हणून फोडून उन्हात घातलं. सगळं कसं वेळच्या वेळी!

सोमवारी तिरडी गाडीत घालून आम्ही देवगड बंदरावर गेलो. बोट लांब उभी राहिली, उतारूंना आणणारा पडाव किनाऱ्याला लागला आणि त्यातून डोक्यावर ट्रंक घेतलेला बाबलदादा उतरला. आधी त्याने आम्हाला पाहिलं, मग तिरडी. ट्रंक वाळूत पडली.

"कोण गेला रे? आये?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"तू," मी म्हणालो.

जहाज मोडीत निघालं, म्हणून एडनला त्याला कामावरून कमी केलं होतं. कंपनीच्या कारकुनाने तेवढंच कळवलं होतं. पुढे जुझे मास्तरांनी मला समजावलं, की या शब्दाचा मूळ अर्थ गाडीवरचं ओझं उतरवणं. बाकीचे अर्थ त्यातूनच निघाले. जहाज माल उतरवतं, बंदूक गोळी उतरवते आणि मालक माणूस उतरवतो. (डिक्शनरीत हा अर्थ चौथा होता!)

दादा जिवंत परतला, पण नोकरी गेली, ती पुन्हा मिळाली नाही. आंबाही गेला. त्या पावसाळ्यात त्यांच्या घरी मिठाशी पेज जेवले, आणि मला कोणी एक शब्द बोललं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

लाकडांचं काय करायचं, असं कोणीतरी विचारलं तेव्हा फक्त काकी माझ्याकडे बघत बोलली, "ऱ्हवांदेत. आमच्या शिकलेल्या झिलाक होतली."

लाकडं अजून खोपीत रचलेली आहेत. वाळवी लागू नये म्हणून वहिनी दरवर्षी दिवाळीनंतर ती बाहेर काढून उन्हात घालते. बांगड्या वाजवत कुंपणापलीकडून हाक मारते, "भावजीनू, तुमची लाकडां परतूक येवा!"

मी निमूट जातो. या वाक्याला अर्थ एकच आहे, डिक्शनरी लागत नाही.