मंडपाचा नकाशा

नोकरीच्या पहिल्या दिवशी मला जे टेबल मिळालं, ते आमच्या देवगाव रंगारीच्या घराच्या दारापेक्षा मोठं होतं. वर पंखा, समोर टी-स्क्वेअर, शाईची दौत आणि रेषा मारायचं कोरं पेन. त्याआधी मी पाझर तलावांच्या कामावर हंगामी ड्राफ्ट्समन होतो. तिथं टेबल नव्हतं. पत्र्याच्या पेटीवर कागद अंथरून नकाशा काढायचा आणि चार-आठ दिवसांत त्याबरहुकूम माती पडलेली बघायची. कायम नोकरी म्हणून मी ते सोडून औरंगाबादच्या या सरकारी कचेरीत आलो. पैठणला धरणाचं काम सुरू झालं होतं, कालवे निघायचे होते. मला वाटलं, आता जन्मभर मान वर करायला सवड मिळणार नाही.

कालव्यांचे नकाशे पैठणला, कामावरच्या कचेरीत निघत. आमच्याकडे निघत ते समारंभांचे.

हे मला आठवड्याभरात कळलं. आमच्या साहेबांनी माझं एक शीर्षक पाहिलं आणि म्हणाले, "अक्षर अगदी छापल्यासारखं आहे हो तुमचं." त्या कौतुकानं माझा निकाल लागला. दुसऱ्या दिवशी टेबलावर मंडपाचं काम आलं: व्यासपीठावर कोण, पहिल्या रांगेतल्या सोफ्यांवर कोण, खुर्च्यांवर कोण आणि सतरंजीवर कोण. प्रत्येकाचं नाव आपापल्या चौकोनात, ठळक अक्षरात. पोलीस ॲक्शन होऊन बरीच वर्षं लोटली होती, निजामाचा दरबार गेला होता. पण दरबारात कोणी कुठं बसायचं ही काळजी आमच्या कचेरीनं जिवापाड जपली होती. एका सभापतींचा सोफा खांबाआड गेला म्हणून मी तो कागद चारदा काढला.

आणि दोन समारंभांच्या मधे काहीच नसे. सकाळी पेन्सिली तासायच्या. पेनातली वाळलेली शाई धुवायची, नवी भरायची, ती संध्याकाळपर्यंत वाळू द्यायची. मी काम मागितलं की साहेब म्हणत, "बसा की निवांत. लागेल तेव्हा सांगतोच." शेजारचे कारकून म्हणत, "तुमचं बरंय बुवा. पंख्याखाली पगार." मी पुस्तक आणून वाचू लागलो, तर ते दिसायला बरं नाही असा निरोप आला. रिकामं बसणं मात्र दिसायला बरं होतं. मुकुंदवाडीच्या खोलीवर गेलो की झोप येत नसे. थकावं असं दिवसभरात काही झालेलंच नसे.

गावी वडील बाजारात सांगत, "पोरगं धरण बांधतंय." मी गेलो की विचारत, "कुठवर आलं रे आपलं धरण?"

"आलंय की बरंच वर."

"लई उंच व्हतंय म्हणं?"

"व्हय, लई."

हे मी पेपरात वाचलेलं असे. पुढं पुढं मी रविवारी गावी जाणंच टाळू लागलो.

एकदा सहज कालव्याच्या काठाची तिरपी रेषा मारायला घेतली आणि ती मधेच थरथरली. पुन्हा मारली, पुन्हा तेच. त्या दिवशी मात्र मी घाबरलो. हात गेला तर माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं. शेत भावांचं होतं, आणि हंगामी जागेवर कधीच दुसरा बसला होता.

त्याच सुमारास पैठणहून एक इंजिनियर आले. बुटांना चिखल, गडी घाईत. त्यांच्याकडे माणसं कमी होती. एक कच्चा कागद पुढं सरकवून म्हणाले, "हा कालव्याचा छेद. तासाभरात काढून दाखवा. जमलं तर तुमच्या साहेबांकडून मागून घेतो तुम्हाला."

मी बसलो. इतका जीव लावून मी कधीच बसलो नव्हतो. ते परत आले तेव्हा कागदावर दुहेरी चौकटीत शीर्षक झळकत होतं, अक्षर न् अक्षर घोटलेलं. खाली कालव्याचा एक काठ होता. दुसरा काठ नव्हता, तळही नव्हता. शीर्षक सगळ्यात शेवटी घालायचं असतं हे ड्राफ्ट्समनला पहिल्या महिन्यात शिकवतात. मंडपात मात्र नावं आधी येतात, आणि हाताला आता मंडपाचं वळण पडलं होतं.

इंजिनियरांनी कागद पाहिला. "पाटी झकास रंगवलीत. दुकान कुठंय?"

"काढतो साहेब. थोडंच राहिलंय."

"तिथं नकाशासाठी मजूर बसून असतात हो." मग जरा सौम्यपणे म्हणाले, "हात बरा आहे, सवय मोडलीय. महिन्याभरानं येईन. तोवर रोज काहीतरी काढत राहा."

"काय काढू?"

"समोर येईल ते."

समोर आला तो मंडप. कचेरीच्याच आवारात मोठा समारंभ ठरला. मी तो मंडप पूल काढावा तसा काढायला घेतला. वरून, समोरून, छेद घेऊन. आवारात पहारीनं खड्डे घेऊन मुरूम किती खाली लागतो ते पाहिलं. वाऱ्याचा जोर, छताच्या कापडाचं वजन, खांबाची बल्ली किती खोल गाडायची, ताणाचे दोर कुठं बांधायचे, सगळं मांडलं. शीर्षक शेवटी, बारीक अक्षरात. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदाच मी घड्याळाकडे पाहिलं नाही. रेषा थरथरली नाही.

साहेब नकाशा बघतच राहिले. "अहो, हा मंडप आहे की धरण?" त्यांनी मंडपवाल्या चाचांना बोलावून बजावलं, नकाशाप्रमाणेच झालं पाहिजे.

समारंभाला इंजिनियर आले. साहेबांनी स्वतः नकाशा त्यांच्यापुढं उलगडला. त्यांनी छेदावरून बोट फिरवलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, हा माणूस मला द्या."

साहेब हसले. "असा माणूस कुणी देतं होय? पुढच्या वर्षी तर याहून मोठा कार्यक्रम आहे."

इंजिनियर हुद्द्यानं लहान होते. त्यांनी चहा संपवला, कपबशी ठेवली आणि जीपकडे गेले.

दुपारी वावटळ उठली. कनाती फडफडल्या, पुष्पगुच्छ उडाले, बल्ल्या हलल्या नाहीत. पाहुणे तरुणांच्या हातून होणाऱ्या राष्ट्रउभारणीवर बोलत होते. मी सतरंजीमागं उभा होतो.

दुसऱ्या दिवशी खिडकीतून आरडाओरड ऐकू आली म्हणून बाहेर गेलो. चाचा आणि त्यांची माणसं एका बल्लीला झोंबत होती.

"साब, ये निकलतेच नै," चाचा घाम पुसत म्हणाले. "एक दिन के जलसे को इतना गहरा कोई गाडता क्या?"

मी नकाशा आणून ती किती खोल आहे ते दाखवू लागलो.

"वो मालूम है. गाडे तो हमीच," ते म्हणाले. "निकालने का नक्शा नै बनाए क्या?"

तो मी काढला नव्हता.