भाऊजींचं इंजिन

रत्नागिरीत गाड्या दुरुस्त करणारे पुष्कळ आहेत आणि गाड्या पळवून त्यांची दुरुस्ती काढणारे त्याहून पुष्कळ. पण इंजिन नसलेल्या गाडीवर इतका जीव लावणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच असेल, आणि ते माझे धाकटे दीर आहेत. त्यांची गाडी आमच्या अंगणात फणसाखाली उभी असायची. धुतलेली, पुसलेली, टायरांत हवा बरोबर भरलेली. फक्त बॉनेट उघडलं की आतून खालची जमीन दिसायची.

मी शाळेच्या ऑफिसात काम करते. कामं लिहून काढायची आणि झाली की खोडायची, ही माझी सवय. भाऊजींचं एकही काम खोडता येत नाही. मासळी बाजारात ते प्रत्येक टोपलीतल्या बांगड्याचे कल्ले उघडून बघतात, मग पहिल्या टोपलीकडे परत येतात, तोवर ती टोपली धुऊन उपडी घातलेली असते. घरी येताना अंडी आणतात. एकदा पंखा घ्यायला गेले ते पात्यांचा कोन आणि मोटरचा आवाज यांचा अभ्यास करून रिकाम्या हाताने आले, आणि तो उन्हाळा जाऊबाईंनी वर्तमानपत्राने वारा घेत काढला. भाऊजींचं लग्न वेळेत झालं, कारण तिथे होकार जाऊबाईंनी द्यायचा होता.

गाडी मूळ माझ्या सासऱ्यांची. आठशे सीसीची छोटी हॅचबॅक. सासरे गेल्यावर ती भाऊजींकडे आली आणि त्यांनी तिचं रूप पालटायला घेतलं. रुंद टायर आले, लहान स्टिअरिंग आलं, कुठल्याशा मोठ्या गाडीतल्या कमरेला आधार देणाऱ्या सीटा आल्या. धूर ओकणारं जुनं इंजिन उतरवून झालं. आता नवं कुठलं, इथे सगळं थांबलं. पर्याय तीन होते, ते मी झोपेतही सांगू शकेन. एक, जुनंच इंजिन बोअर करून, नवे पिस्टन घालून परत बसवायचं. दोन, त्याच कंपनीच्या थोरल्या गाडीचं हजार सीसीचं घालायचं. ते थोड्या खटपटीत त्याच जागेत बसतं. तीन, तेराशेचं घालून वर टर्बो लावायचा. म्हणजे मग गिअरबॉक्स, ॲक्सल, ब्रेक सगळंच बदलायचं आणि जुना फक्त रंग ठेवायचा. भाऊजी सोमवारी पहिल्याच्या बाजूने असत, बुधवारी तिसऱ्याच्या. गॅरेजवाले सलीमभाई त्यांना बघितलं की हातातला पाना खाली ठेवत. "दादा, आज इंजिन सांगायला आलात की चहा प्यायला? चहा असेल तर बसा."

जेवताना मला टॉर्क शिकवला जाई. "वहिनी, लोणच्याच्या बरणीचं घट्ट झाकण तुम्ही पहिला पीळ देऊन सोडवता ना, तो टॉर्क. मग ते गरागरा फिरवता, ती पॉवर. आपल्याला काय हवंय?"

"मला लोणचं हवंय," मी म्हणायची. "वाढा."

हे सगळं गमतीचं राहिलं असतं, पण त्यात सासूबाई अडकल्या होत्या. त्यांचं माहेर राजापूरच्या आत, घाटी चढून वरच्या कातळाच्या सड्यापलीकडे. शिमग्यात देवाची पालखी भावाच्या घरी येते, ती बघायची त्यांना आस. त्या घाटीत मधोमध एक उभं वळण आहे. तिथे आठशे सीसी हरायची. सासरे गाडी थांबवत, मागच्या चाकाला दगड लावत आणि म्हणत, "उतरा सगळे." मग ते एकटे गाडी वर नेत आणि बाकीचे चालत. वळणावर सुरंगीचं झाड आहे. शिमग्याच्या सुमाराला ते फुललेलं असतं. सासूबाई तिथे फुलं घेत, केसांत खोवत, आणि उरलेला चढ माहेरवाशिणीच्या चालीने चढत. आता गुडघ्यांनी तो चढ बंद केला होता. आमच्या मोठ्या गाडीतून चला, असं ह्यांनी आपल्या आईला कितीदा सांगितलं. त्या म्हणायच्या, "धाकट्याने नेतो म्हटलंय. त्याच्याच गाडीतून जाईन." आणि दुपारी त्या बिनइंजिनाच्या गाडीत पुढच्या सीटवर, दार उघडं टाकून, कुळीथ निवडत बसायच्या. त्यांचं वय वाढत होतं, शिमगे एकामागून एक जात होते, आणि भाऊजी टर्बोचा विचार करत होते. मध्ये एकदा मनाची तयारी झाली, तर बॉनेटखाली मांजर व्याली. पिल्लं चालायला लागेपर्यंत भाऊजींचं मत बदललं.

शेवटी सासूबाईंनीच फर्मान काढलं, "देवळात चल. कौल लावू."

आमच्या ग्रामदेवतेला कौल लावतात. गुरव मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला पाकळी चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर देवाचं हो, डावी पडली तर नाही. जमीन, लग्न, विहीर, सगळं तिथे विचारलं जातं. इंजिन पहिल्यांदाच आलं असावं. भाऊजींनी तिन्ही पर्याय फायद्या-तोट्यांसकट सांगितले. गुरव ऐकून घेऊन म्हणाला, "तीन नाय ओ चालत. देवाला हो की नाय, येवढंच विचारायचं. एक काय ते बोला."

भाऊजींचा चेहरा उतरला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना एकच गोष्ट विचारायची होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी घड्याळाकडे बघितलं. सासूबाई खांबाला टेकून उभ्या होत्या, एक हात गुडघ्यावर. भाऊजींनी तिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "हजारचं घालू का, विचारा."

गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा महाराजा, ह्या लेकराने बापाची गाडी ठेवलीय, आयेला म्हायेरी न्यायचंय..." पाकळ्या जागच्या हलेनात. "ओल जास्त झालीय," भाऊजी कुजबुजले, "पाण्याचा पृष्ठताण—" सासूबाईंनी नुसतं बघितलं. तेवढ्यात उजवी पडली.

"टर्बोचंही विचारून घेऊया का?" भाऊजी म्हणाले.

"देवाला दुसरी कामं नाहीत काय रे?" सासूबाई पायऱ्या उतरायला लागल्या होत्या.

पुढचं मी हातात घेतलं. आरटीओचे कागद, सलीमभाईंची तारीख, सगळं. शिमग्याला आम्ही निघालो. घाटी लागली, वळण आलं, आणि ते दुसऱ्या गिअरमध्ये सहज मागे पडलं. भाऊजींनी विजयी मुद्रेने आईकडे पाहिलं. त्या मान वळवून मागे बघत होत्या.

"सुरंगी गेली काय रे?" त्या म्हणाल्या.

भाऊजींनी गाडी थांबवली. आरशात बघत त्यांनी ती रिव्हर्समध्ये वळणापर्यंत मागे आणली. वळणावर खाली उतरून चाकाला दगड लावला. हँडब्रेक उत्तम होता, तरी लावला. सासूबाई सीटवरच बसून राहिल्या, पाय बाहेर सोडून, आणि आम्ही त्यांच्या ओंजळीत फुलं दिली. त्यांनी ती सावकाश केसांत खोवली. मग भाऊजी म्हणाले, "कुणी उतरायचं नाही," आणि त्या उभ्या चढावर, सगळी माणसं आत बसलेली असताना, गाडी थांबल्या जागेवरून निघाली. जराही मागे घसरली नाही. बरणीच्या झाकणाचा पहिला पीळ मला तेव्हा कळला. पालखी भावाच्या अंगणात नाचली तेव्हा सासूबाई पुढे उभ्या होत्या.

आता त्या अंथरुणावर असतात. मधलं बरंचसं त्यांच्या लक्षात राहत नाही. नवं इंजिन, कौल, काहीच नाही. आम्ही शिमग्याला जाऊन येतो. निघायच्या आधी मी सामानात फुलांसाठी डबा घेते, आणि आल्यावर तो त्यांच्या उशाशी उघडते. या वर्षीही उघडला. वास आला तशा त्या म्हणाल्या, "वळणावर उतरलात ना रे सगळे?"

ज्या इंजिनाबद्दल बोलायला भाऊजींना रस्त्यावरचा अनोळखी माणूसही चालतो, ते भरली गाडी कुठल्याही चढावर नेतं, हे त्यांनी हजार वेळा सांगून झालंय. ते आईच्या पलंगापाशी खाली बसले.

"उतरलो तर," ते म्हणाले. "या गाडीला कुठला आलाय दम!"