थोरलीच्या हातचं कुंकू

कराडच्या बाजारात खोट्या दागिन्यांच्या दुकानांत ‘थोरली’ नावाचं मंगळसूत्र अजून मिळतं. दोन पदरी, मोठ्या वाट्यांचं, बाजूला पोवळी. मालिका संपून दोन वर्षं झाली तरी खपतं म्हणे. मी एकदा बांगड्या घ्यायला गेले होते, तर दुकानदाराने मला ओळखलं आणि न विचारता ते मंगळसूत्र माझ्या गळ्याशी धरून शेजारच्या गिऱ्हाइकाला दाखवलं. त्याची थंड बोटं मानेला लागली. घरी येऊन मी मान साबणाने दोनदा धुतली.

ती थोरली म्हणजे मी. चार वर्षं मी एका मालिकेत बड्या बागायतदार घराण्यातली थोरली सून होते. कारखान्याच्या निवडणुकीपासून म्हशीच्या दुखण्यापर्यंत सगळं अंगावर घेणारी आणि कधीच न चिडणारी बाई. अशी बाई मी उभ्या जन्मात पाहिलेली नाही. मी स्वतः तर चिडल्याशिवाय चहासुद्धा करत नाही. मालिकेत तिला नाव होतं, पण ते लेखकाशिवाय कुणाच्या लक्षात राहिलं नाही. चार जिल्ह्यांना मी थोरली म्हणूनच माहीत झाले.

प्रत्यक्षात मी धाकटी. सासर कवठे महांकाळच्या बाजूचं, कोरडवाहू, दोन भावांचं घर. माझा नवरा साखर कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. कामावर असतानाच छातीत कळ आली आणि तो गेला. मुलगी तेव्हा सहावीत. तिला घेऊन मी सांगलीला माहेरच्या गल्लीत खोली केली, शिकवण्या घेतल्या, संध्याकाळी हौशी नाटकांच्या तालमी केल्या, आणि त्यातूनच पुढे ही मालिका मिळाली. म्हणजे विधवेला काम मिळालं ते भरल्या कपाळाच्या बाईचं. त्यात मला काही वावगं वाटलं नाही. राणीचं काम करणारीला तुझं राज्य कुठे आहे असं कुणी विचारत नाही.

चित्रीकरण कराडहून पाटणला जाताना रस्त्यालगतच्या एका गावात चालायचं. सकाळी मेकअप करणारी मुलगी कपाळावर ठसठशीत कुंकू रेखायची, कपडेपटवाला गळ्यात मंगळसूत्र अडकवायचा. पॅकअप झालं की दोन्ही उतरवायचं, तोंड धुवायचं आणि गाडीत बसायचं. इतकं ते सरळ होतं.

मग बायका यायला लागल्या. कोयनेच्या खोऱ्यातून टेम्पो करून यायच्या, नारळ, खण आणि तांदूळ घेऊन. थोरलीची ओटी भरायची. मी पहिल्या दिवशीच दिग्दर्शकाला म्हटलं, माझे मिस्टर नाहीत, हे यांना सांगायला हवं. तो मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, “कशाला त्यांचा हिरमोड करता? त्या तुमची भरतच नाहीयेत.” हे त्याचं खरं होतं. त्या माझ्या हनुवटीला धरून चेहरा इकडे-तिकडे फिरवायच्या, तोंडात पेढा कोंबायच्या, तेलकट ओठांनी गालांचे मुके घ्यायच्या. ओटीचे तांदूळ पोत्यात जमायचे आणि त्याचा भात युनिटला व्हायचा. मी तो कधी खाल्ला नाही.

संक्रांतीनंतर हळदीकुंकवांचा हंगाम. इस्लामपूर, विटा, तासगाव, जिथे म्हणून कुणा पुढाऱ्याच्या बायकोला बायका जमवायच्या असत तिथे थोरलीला निमंत्रण. वेशात या, एवढीच अट. मी व्यासपीठावर उभी राहून शेकड्यांनी कपाळांना कुंकू लावलं आहे. अंगठा आठवडाभर लाल राहायचा. त्याच महिन्यात सासरी गेले की माझ्या जाऊबाई शेजारणींना बोलवायच्या, वाण द्यायच्या, आणि मी आत तिळाच्या वड्या पाडत बसायची. मालिकेची वेळ झाली की त्याच शेजारणी बाहेरच्या खोलीत टीव्हीपुढे बसून थोरलीला हात जोडायच्या. आतून मला माझाच आवाज ऐकू यायचा. वड्या पाडता पाडता ते ऐकणं म्हणजे काय असतं ते मी कुणाला सांगू शकले नाही, आणि खरं सांगायचं तर कुणी विचारलंही नाही.

कळस सांगते. चित्रीकरण चालायचं त्याच्या शेजारच्या गावच्या पंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. चांगली गोष्ट. त्या सोहळ्याला प्रमुख पाहुणी कोण, तर थोरली. मंगळसूत्र घालून, कुंकू लावून मी तो ठराव वाचला. समोर शेवटच्या रांगेत गावातल्या विधवा बसवल्या होत्या, मोकळ्या कपाळांच्या. कुणालाही त्यात काही खटकलं नाही. परतीच्या वाटेवर मी गाडी थांबवायला लावली आणि उसाच्या कडेला ओकले.

मालिका संपली तेव्हा मला हायसं वाटलं. मुलीचं इंजिनिअरिंग कराडला झालं, तिथेच वर्गातल्या एका मुलाशी तिचं जमलं. मुलगा चांगला. घर नदीकाठचं, ऊसवाल्यांचं, वडील सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. विहीणबाई पहिल्या भेटीत मला बघून रडल्याच. “देवानं थोरली आमच्या घरला पाठवली,” म्हणाल्या. मी हसून सोडून दिलं. आपलं माणूस व्हायचंय, पहिल्याच दिवशी तोंड कशाला वाजवा.

लग्न ठरल्यावर माझ्या मुलीने माझ्याकडे एकच मागितलं. आम्ही दोघी जेवायला बसलो होतो. ती म्हणाली, “आई, पहिली हळद तू लावायचीस. काकीनं नाही, कुणी नाही. तू.” मला रीतिभातींचं कौतुक कधीच नव्हतं. हळद पहिली की पाचवी, कातडी तेवढीच पिवळी होते. पण ते तिने मागितलं आणि मग मला ते इतकं हवंसं झालं की मी रात्री अंथरुणात पडल्या पडल्या आंब्याच्या पानाने तिच्या पायांना, गुडघ्यांना, खांद्यांना हळद लावून बघायची. तिच्या वडिलांनंतर आम्ही दोघींनी काय खाल्लं, काय सोसलं ते आम्हालाच माहीत. मला त्याचं बक्षीस बिक्षीस नको होतं. तेवढी हळद हवी होती.

लग्नाच्या आठवडाभर आधी विहीणबाई सांगलीला आल्या. माझ्या जाऊबाई आधीच येऊन राहिल्या होत्या. चहा झाला, पोहे झाले, मग विहीणबाईंनी जरा जवळ सरकून विषय काढला.

“पोरगी म्हनती पयली हळद आईची. आमची ना न्हाई. पर भावकी लय वंगाळ हाय आमची. उद्या काय इपरीत घडलं तर माझ्या पोराच्या नावानं बोलतील.”

मी रिकाम्या बशा एकात एक ठेवल्या. अशा वेळी लगेच बोललं की मी तोडून टाकते, म्हणून थांबले.

“म्हनून मी काय म्हंते,” त्या म्हणाल्या, “तुमी थोरली हून या. हिरवा चुडा, पैठणी, सगळं. मग कोन काय म्हनंल?” आणि त्यांनी पर्स उघडून ते दोन पदरी मंगळसूत्र बाहेर काढलं, प्लॅस्टिकच्या पिशवीतलं, किमतीच्या चिठ्ठीसकट. “मी इकतच आणलंय.”

मी जाऊबाईंकडे बघितलं. मला वाटलं, निदान ही तरी म्हणेल की असं कसं, ही काय नाटकाची जागा आहे. जाऊबाई म्हणाल्या, “तेवढंच हाय गं. घालून टाक की.”

विहीणबाईंचं संपलं नव्हतं. त्या अगदी आनंदात होत्या, हे मला आजही नीट आठवतं. दुसऱ्याला सुख देताना माणसं दिसतात तशा त्या दिसत होत्या. “आनि कन्यादानाला बी तुमीच बसा, जोडीनं. आमी त्यास्नी सांगितलंय.”

“कुणाला?”

“आवं, तुमच्या मालकास्नी. शिरेलीतल्या.”

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, तसं झालं नाही. उलट मी गारठले. मालिकेत माझ्या नवऱ्याचं काम करणाऱ्या नटाला यांनी माझ्या मुलीच्या कन्यादानाला ठरवलं होतं. मुलीचा खरा बाप फोटोत. माझ्या गळ्यात खोटं मंगळसूत्र, शेजारी खोटा नवरा, आणि त्या दोन खोट्यांच्या जोरावर मी माझ्या मुलीची आई व्हायला पात्र. मी फक्त एवढंच म्हणाले की हे होणार नाही, मी जशी आहे तशी येईन, आणि आत निघून गेले.

आतून मी त्या नटाला फोन लावला. तो माणूस वाईट नाही, चार वर्षं आम्ही एका ताटातून खाल्ल्याचं दाखवलं होतं. “मला वाटलं तुला माहीत असेल,” तो म्हणाला. “लग्न सकाळचंच तर आहे. तिथून मला सांगलीत शोरूमचं उद्घाटन आहे, वाटेवरच पडतं.” मी म्हटलं, येऊ नकोस. त्याने बरं म्हटलं, जरासा खट्टू होऊन. सफारी शिवायला टाकली होती म्हणे.

विहीणबाई गेल्यावर मुलगी माझ्या खोलीत आली. दार लावून उभी राहिली. मला वाटलं ती माझ्या बाजूने चिडली असेल.

“घाल ना आई,” ती म्हणाली. “फोटोपुरतं.”

“त्यांच्यापुढे मी तुझ्या बाबांना पुसून टाकू?”

“चार वर्षं घातलंसच की.”

“ते काम होतं.”

“मग हेही काम समज.”

ती उद्धटपणे बोलली नाही. थकून बोलली. दोन घरांच्या मधे उभी राहून तिचा जीव मेटाकुटीला आला होता, ते मला दिसत होतं. पण मी नाही म्हणाले. ती “बरं” म्हणाली आणि गेली. ते ‘बरं’ कशाला होतं ते मी विचारायला हवं होतं.

हळद कराडच्या मंगल कार्यालयात दुपारी होती. नवऱ्या मुलाची उष्टी हळद वाटीत घालून आणली. पाच सवाष्णींनी मुसळाला हात लावून हळकुंड कांडलं, मुलगी पाटावर बसली. मी माझी नेहमीची सुती साडी नेसले होते, गळा मोकळा, कपाळावर छोटी टिकली, रोज असते तशी. बायकांमधून वाट काढत मी पाटापाशी गेले आणि हळदीच्या वाटीकडे हात केला. वाटी जाऊबाईंच्या हातात होती. त्यांनी ती हळूच पलीकडच्या बाजूला घेतली.

“आगं, जावयाचा जीव हाय ह्याच्यात,” त्या कुजबुजल्या. “आजच्या दिवस ऱ्हाऊ दे.”

मी ऐकलं नाही. हात लांब करून बोटं वाटीत बुडवली. ओली, गार हळद. मी खाली वाकले आणि बोटं माझ्या मुलीच्या कपाळाकडे नेली.

तिने मान मागे घेतली.

फार नाही. पापणी लवावी एवढीच. लगेच तिच्या ध्यानात आलं आणि तिचे डोळे भरले, पण मान आपली आपण मागे गेली होती. ते तिने ठरवून केलं नव्हतं, म्हणूनच मला त्यावर बोलता येईना. मी बोटं पदराला पुसली. जाऊबाईंनी आंब्याचं पान हळदीत बुडवलं, पायांना लावलं, गुडघ्यांना, खांद्यांना. बायकांनी गाणं धरलं. मी खांबापाशी उभी होते. मला रडू येत नव्हतं. आजारपणानंतर तोंडाला येते तशी कडू चव आली होती, आणि आपल्याच अंगाचा वीट आला होता. आजवर ज्या कपाळांना हात लावला त्यांतलं एकही मला नको होतं, आणि जे हवं होतं ते मागे सरकलं होतं.

हळद उरकली. त्या पाचही सवाष्णी पिवळ्या हातांनी माझ्याकडे आल्या. विहीणबाई पुढे, हातात चांदीचा करंडा. त्यांना वाटलं मी नाराज आहे, आणि माझी समजूत काढायची हीच रीत त्यांना सुचली.

“थोरल्या बाई, आमास्नी तुमच्या हातचं कुंकू लावा की. एवढ्या बायका आल्यात त्यासाठी.”

ज्यांनी मला मुलीला शिवू दिलं नाही त्याच बायका डोळे मिटून, कपाळं पुढे करून उभ्या राहिल्या. जाऊबाईसुद्धा. कुणीतरी फोन धरला. पाटावरून माझी मुलगी बघत होती. करंडा माझ्या हातात आला आणि हाताला कामाची सवय होती. मी लावत गेले. एकेक वाकून पाया पडत गेली.

रांगेत शेवटी नवऱ्या मुलाची आत्या होती, पाटणकडची, म्हातारी. तिने पाया पडून वर बघितलं आणि इकडे-तिकडे कुणाला तरी शोधलं.

“थोरल्या बाई, मालक न्हाई व्हय आलं?”

“वारले ते,” मी म्हटलं. “ही सहावीत होती तेव्हा.”

“त्ये न्हवं ओ,” म्हातारी म्हणाली. “शिरेलीतलं.”