क्वीन्समधल्या गयानाची खानेसुमारी

माझ्या मुलीच्या शाळेत सातवीला देशांचा प्रोजेक्ट असतो. प्रत्येकाने एक देश घ्यायचा. तिथे माणसं कोणकोणती, राहतात कुठे, करतात काय, हे पोस्टरवर मांडायचं आणि वर्गासमोर पाच मिनिटं बोलायचं. मैत्रिणींनी फ्रान्स आणि जपान आधीच पटकावले होते. मुलीने गयाना घेतला, कारण आमच्या शेजारच्या काकू गयानाच्या.

या काकूंची आणि माझी ओळख न्यू जर्सीत, आमच्या एडिसनला, ओक ट्री रोडवरच्या किराणा दुकानात झाली. त्या वांगी निवडत होत्या, एकेकाचं देठ दाबून, अगदी माझ्या आईसारखं. मी सरळ हिंदीत गप्पा सुरू केल्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि इंग्रजीत म्हणाल्या, "बाळ, मला त्यातलं फक्त 'बैगन' कळलं. मी गयानाची." मी ऐकलं घाना. आठवडाभर मी नवऱ्याला सांगत होते की आपल्या कॉम्प्लेक्समध्ये हुबेहूब आपल्यासारख्या दिसणाऱ्या एक आफ्रिकन काकू राहतात. शेवटी काकूंनीच माझ्या सामानाच्या यादीमागे नकाशा काढून दाखवला. दक्षिण अमेरिका, व्हेनेझुएलाच्या शेजारी. त्यांचे पणजोबा बिहारकडून जहाजात बसून ऊस तोडायला गेले ते तिकडचेच झाले. मी इतकी हसले की काउंटरवरचा माणूस बघायला लागला.

तर मुलीने गयानाचा पाय चार्ट काढला. भारतीय वंशाचा सगळ्यात मोठा तुकडा, मग आफ्रिकन, मग मिश्र, मग मूळ रहिवासी, आणि चिनी, पोर्तुगीज अशा दोन बारीक फाका. काकूंना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, कागद गोल गोल फिरवला आणि विचारलं, "यात मी कुठे उभी राहू?"

"इंडियन," मुलगी म्हणाली.

"माझ्या आईची आई चिनी होती. नवऱ्याची आजी आफ्रिकन. माझ्या दोन्ही सुना मिश्र. नातवंडांना या चाकात कुठे बसवशील?" मग काकूच म्हणाल्या, "असं कर, शुक्रवारी भाचीच्या लग्नातलं मॅटीकोर आहे, न्यू यॉर्कला, क्वीन्समध्ये. तुम्ही सगळ्या चला. गयानाच बघून घे."

सोफ्यावर सासूबाई बसल्या होत्या. त्या नागपूरहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या आणि दुसऱ्या आठवड्यापासून त्यांची एकच तक्रार होती, "बाप्पा, इथे माणसंच दिसत नाहीत." भूगोलाच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. शिक्षकांना जनगणनेचं काम लागायचं तेव्हा बाकीचे तोंड लपवायचे, या आनंदाने उन्हातान्हात घरोघरी जायच्या. त्यांनी पेपर खाली ठेवला. "मॅटीकोर म्हणजे? माती कोरतात का?"

काकू चकित झाल्या. "तुम्हाला कसं कळलं?"

"कळायचं काय त्यात? माती, कोर. मी येते."

शुक्रवारी मी ऑफिसमधून लवकर निघाले. तिघी आणि काकू, दोन पूल ओलांडून, दीड तास ट्रॅफिकमध्ये. सासूबाईंनी नारायणपेठी नेसली होती आणि मांडीवर कोरी वही होती. त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं की प्रोजेक्ट पुस्तकातून करायचा नाही, माणसं मोजून करायचा. वाटेत काकूंनी देश समजावून सांगितला. जवळजवळ सगळी वस्ती समुद्राकाठच्या पट्टीत, तीही भरतीच्या पाण्यापेक्षा खाली, म्हणून बांध घातलेला आणि घरं खांबांवर. पाठीमागे नुसतं जंगल. "आणि निम्मी माणसं बाहेर," काकू म्हणाल्या. "न्यू यॉर्क, टोरोंटो, लंडन. माझ्या आईला सात मुलं. घराला कुलूप नको म्हणून एक भाऊ तिकडे राहिला. आता समुद्रात तेल सापडलंय, तर तोच सगळ्यांना म्हणतो, या परत."

लग्नघराच्या अंगणात पाऊल टाकलं आणि पहिला घोटाळा झाला. माझी मुलगी मागून ओरडली, "आजी, तुझी चप्पल!" सासूबाईंनी मागे पाहिलं आणि त्याच वेळी खुर्चीवर बसलेल्या एका अतिवृद्ध बाईंनीही पाहिलं. मग एक मुलगा पळत आला, "आजी, केक कुठे ठेवू?" पुन्हा दोघींनी मान वळवली. तिकडेही वडिलांच्या आईला आजीच म्हणतात. सासूबाई माझा दंड धरून म्हणाल्या, "अगं, ही तर मराठी माणसं आहेत." नाहीत, हे पटवायला मला पाच मिनिटं लागली आणि तेही त्यांना पुरतं पटलं नाही.

त्या तिथल्या आजी म्हणजे नवरीच्या आजी. त्यांची क्रियोल इंग्रजी आम्हाला पाव कळायची आणि सासूबाईंची शाळामास्तरी इंग्रजी त्यांना. दोघी शेजारी बसवल्या गेल्या आणि अवघडून एकमेकींकडे बघत राहिल्या. समोर चुलीवर मोठं पातेलं होतं. सासूबाईंनी बोट करून म्हटलं, "चूल."

"चुल्हा," तिथल्या आजी म्हणाल्या.

"तवा."

"तवा." तिथल्या आजी पुढे सरकल्या. "लोटा?"

"लोटा आहे ना. कढई?"

"कराही. पुकनी?"

सासूबाई क्षणभर अडल्या, मग गाल फुगवून फुंकर मारून दाखवली. "फुंकणी?" तिथल्या आजींनीही गाल फुगवले, आणि दोघी एकमेकींच्या तोंडावर फुंकर मारत इतक्या हसल्या की तिथल्या आजींची कवळी सटकली. त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही.

मग वही उघडली गेली. सासूबाईंनी बायकांना ओळीने बसवलं आणि पहिला प्रश्न टाकला, "कुटुंबप्रमुख कोण?" अकरा हात वर आले. धर्माच्या रकान्यात नवरीच्या आत्याने सांगितलं, "मी हिंदू, नवरा मुसलमान, मुलगा चर्चमध्ये गातो, ईदला सगळे घरी आणि दिवाळीला सगळे माझ्याकडे." सासूबाई म्हणाल्या, "रकाना पुरत नाही," आणि समासात लिहायला लागल्या. व्यवसाय विचारले तर नर्स, नर्स, बस चालवते, नर्स, शाळेत शिकवते, नर्स. घरात माणसं किती, या प्रश्नाला एकीने उलट विचारलं, "आज की उद्या? टोरोंटोहून बस यायची आहे." मुलगी वहीत डोकं घालून हसत होती. मी तिला इतकं हसताना शाळा सुरू झाल्यापासून पाहिलं नव्हतं.

इतक्यात एक उंच, काळ्या वर्णाच्या, पिवळा झगा घातलेल्या बाई हळदीचा वाडगा घेऊन आल्या आणि सगळ्यांवर हुकूम सोडायला लागल्या. पान कुठे, कुदळ कुठे, सूप रिकामं का. सासूबाईंनी मला हळूच विचारलं, "या कोण?"

"नवऱ्या मुलाची आई," काकू म्हणाल्या. "खरं तर मुलाकडच्यांनी आज यायचं नसतं. पण विधी तिच्याइतके कुणालाच आठवत नाहीत. आमच्याच गावची, भिंतीला भिंत लागून घर. निवडणूक आली की आम्हाला आठवतं कोण कुठल्या वंशाचं. ती संपली की पुन्हा एकाच पातेल्यातलं खातो." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तरी लग्न ठरलं तेव्हा आजी नातीशी सहा महिने बोलली नाही. ही दर रविवारी दालपुरी करून आणायची, दारात ठेवून जायची. पंचविसाव्या की सव्विसाव्या रविवारी आजीने दार उघडलं."

सासूबाईंनी वही मिटली. मी त्यांना ओळखते. माझ्या दिराच्या लग्नात मुलगी दुसऱ्या जातीची म्हणून त्यांनी दोन वर्षं अडून बसण्यात घालवली होती. मग त्या उठल्या आणि पर्समधून ब्लाउजपीस काढला. नागपूरहून त्या असे बारा घेऊन आल्या होत्या, कशाला ते मला तोवर कळलं नव्हतं. "विहीणबाईंची ओटी कुणी भरली का नाही?" त्यांनी काकूंना विचारलं. तांदूळ आले, नारळ आला. पदर नाही म्हटल्यावर विहीणबाईंनी झग्याचा घोळ पुढे धरला. नारळ पडताच त्यांनी विचारलं, "आता मी काय करायचं?"

"आता नाचायचं," तिथल्या आजी म्हणाल्या. हा आमच्याकडचा विधी नव्हे, पण सासूबाईंनी हरकत घेतली नाही.

रस्त्यावर ताशा वाजायला लागला. ते त्याला तासा म्हणतात, पण आवाज तोच, छातीत बसणारा. डोक्यावर सूप घेऊन विहीणबाई पुढे, मागे चाळीस-पन्नास बायका, कोपऱ्यावरच्या बागेतली माती आणायला. जून महिना, साडेसातला लख्ख ऊन. पोलिसांची गाडी आली, थांबली, आतल्या माणसाने काच खाली केली आणि स्टिअरिंगवर ठेका धरला. बायकांची गाणी अशी वात्रट होती की काकूंनी मुलीच्या कानांवर हात ठेवले आणि स्वतः मोठ्याने गायल्या. कुणीतरी मला म्हणालं, तू खऱ्या इंडियातली, तू गा. मला एकही त्यांचं गाणं येत नव्हतं. मी भोंडल्याचं एक म्हटलं, घाबरत घाबरत. ताशेवाल्याने दुसऱ्या ओळीला ठेका पकडला आणि तिसरीला वाढवला. मग थांबायची सोयच उरली नाही. क्वीन्सच्या फुटपाथवर गयानाच्या बायका माझ्याभोवती फेर धरून गरगरत होत्या, प्रत्येक ओळीच्या शेवटी चुकीचे शब्द ओरडत होत्या, आणि मध्ये हत्तीच्या जागी माझ्या सासूबाई, पदर खोचून. अमेरिकेत येऊन मला अकरा वर्षं झाली होती. त्या अकरा वर्षांत मी कुणाच्या लग्नात अशी नाचले नव्हते. पाय दुखत होते, केसांत हळद गेली होती, आणि मला इतकं हलकं वाटत होतं की कुणी हात सोडला असता तर मी बागेपलीकडे जाऊन पडले असते.

सोमवारी मुलीने पाय चार्ट न्यायचं नाकारलं. पोस्टरवर तिने अकरा कुटुंबप्रमुख, नर्सेस आणि समासातला आत्याचा धर्म सगळा जसाच्या तसा उतरवला. बाईंनी म्हटलं, छान आहे, पण आकडे घाल, आणि बी प्लस दिला. सासूबाईंना शाळेत जाऊन भांडायचं होतं. मी गाडीची किल्ली लपवली.

सप्टेंबरात त्या परत गेल्या तेव्हा विहीणबाईंनी घरच्या मिरच्यांच्या सॉसची बाटली दिली. नागपुरात सासऱ्यांनी "आम्हाला काय तिखट शिकवता" म्हणत पोळीवर चमचाभर घेतलं. त्यानंतर, सासूबाईंच्या सांगण्यानुसार, ते अर्धा तास गच्चीवर फेऱ्या मारत होते. दुसऱ्या दिवशी जेवायला बसल्यावर त्यांनी बाटली स्वतःहून मागून घेतली.