समुद्रापलीकडचा देव

मावशी देवाशी कधी हळू आवाजात बोलल्या नाहीत. नगरच्या ख्रिस्ती देवळात त्या पहिल्यांदा आल्या, तेव्हा प्रार्थना चालू होती. सगळ्यांच्या माना खाली. मावशी दारात उभ्या राहून ओरडल्या, "माझा किसन कुठं हाय, एवढं सांग. बाकी मला कायबी नको."

त्या शेवगावकडच्या. नवरा लवकर गेलेला, मुलगा एकच. तो पलटणीत भरती होऊन मलायात गेला आणि सिंगापूर जपान्यांच्या हाती पडल्यावर बेपत्ता झाला. लढाईची बातमी आधी नगरच्या छावणीत येते, असे कोणीतरी सांगितले म्हणून मावशींनी घराला कुलूप घातले आणि इथे येऊन एका डाळीच्या गिरणीत निवडणीचे काम धरले. मी तेव्हा पुण्याच्या एका दैनिकाला नगरच्या बातम्या पाठवत असे. माझी खोली देवळासमोर होती.

देऊळ पाहायला लांबून माणसे येत. बांधले अमेरिकन मिशनऱ्यांनी, पण वर घुमट, दाराला महिरप आणि खिडक्यांना दगडी जाळ्या. आत पुढच्या बाजूला सतरंज्या, मागे बाके. परदेशातून आलेल्या बाजाच्या पेटीशेजारी तबला ठेवलेला असे आणि पाळक उभे राहून कीर्तन करीत. छावणीतले गोरे सोल्जर सुटीच्या दिवशी येत, टोपी काढून घुमट बघत. एकदा मावशींनी अशा एकाला अडवले. "टोपी काढतो आन् बूट घालून आत येतो व्हय रं? अर्धाच देव पावंल तुला." त्याला काही कळले नाही. तो हसला, आणि मावशी बुटांकडे बोट दाखवत राहिल्या तेव्हा खाली बसून त्याने नाड्या सोडल्या.

त्यांचा हिशेब सरळ होता. मोहट्याच्या देवीला नवस बोलून झाला, मढीच्या नाथाला झाला, दर्ग्यात चादर झाली. "आपल्या देवीचा हुकूम समुद्रापल्याड चालत न्हाई," त्या सांगत. "पोरगं सायबाच्या लढाईत गेलंय. तिकडं ह्योच देव." पाळक मऊ माणूस होते. त्यांनी समजावले, "मावशी, इथे नवस नसतो."

"मग काय असतं?"

"प्रार्थना."

"तीच तर करतीया. तुमी मनात करता, मी तोंडानं."

दर रविवारी त्या नारळ आणत. आत फोडू दिला नाही, तर बाहेरच्या पायरीवर फोडू लागल्या आणि प्रार्थना सुटली की तुकडे वाटू लागल्या. मंडळी बिचकली. इतर देवांपुढे ठेवलेले खायचे नाही, हा नियम बाप्तिस्म्यापासून त्यांच्या अंगवळणी पडलेला. मावशी भडकल्या. "देव तुमचाच, मग परसाद कसा बाटतो?" पाळकांनी पहिला तुकडा उचलून तोंडात टाकला. मग मुलांनी हात पुढे केले.

'बेपत्ता' या शब्दावर त्यांनी ती वर्षे काढली. "बेपत्ता म्हंजी मेला न्हाई," हे त्या बोलण्यात चारदा आणत. कपाळावरचे गोंदण सुरकुत्यांत बुडत चालले होते. लढाई संपली आणि कैदेतले शिपाई परतू लागले, तेव्हा त्या गिरणी सोडून रोज स्टेशनवर जाऊन बसू लागल्या. उतरणाऱ्या प्रत्येक खाकी माणसाला विचारत.

शेवटी त्यांच्याच भागातला एक शिपाई भेटला. तो किसनबरोबर कैदेत होता. मावशी त्याला हाताला धरून देवळात घेऊन आल्या. ऐकायचे ते त्यांना तिथेच ऐकायचे होते. तो खाली बघत बोलला. "हगवण लागली हुती, मावशे. लई दिस न्हाई काढले त्यानं."

"जाळलं का?"

"जपानी लाकडं देत नव्हते. शेजारच्या छावणीत एक गोरा पादरी कैदी हुता. त्यानं कायतरी म्हनून मूठमाती दिली. एका खड्ड्यात चौघं हुते. नावं इचारायला बी कुनी थांबलं न्हाई."

मावशी पाळकांकडे वळल्या. "तो काय म्हनला असंल, ते तुमाला येतं?"

"येतं."

"म्हना."

पाळकांनी अंत्यविधीची वाक्ये मराठीत म्हटली. ती थोडीच असतात.

"संपलं?"

"संपलं."

"ह्यात माझ्या लेकाचं नाव न्हाई आलं. त्या पादऱ्याला ठावं नव्हतं, तुमाला हाय. नाव घालून म्हना."

पाळक उठून उभे राहिले आणि पहिल्यापासून म्हणू लागले. किसनचे नाव आले तिथे मावशी म्हणाल्या, "व्हय."

दुसऱ्या सकाळी त्या शेवगावच्या मोटारीत बसल्या. राहा म्हणणाऱ्या पाळकांना त्यांनी एवढेच सांगितले, "सुतक धरायला घर लागतं, बाबा."