मिळाली, नाना

त्या सकाळी नानांची फाईल आली नाही, म्हणून मी चिडूनच धुळ्याला फोन लावला. नाना रोज बाजार समितीत फिरून कांदा, मिरची, टोमॅटोचे भाव विचारायचे, घरी येऊन ते आपल्या आवाजात अहिराणीत रेकॉर्ड करायचे आणि ती फाईल जळगावला माझ्या सर्व्हरवर पाठवायचे. मग शेतकरी एका नंबरावर फोन करून ते ऐकत. फोन त्यांच्या पत्नीनं, अक्कांनी उचलला. "नाना कुठे आहेत? फाईल आली नाही अजून," मी म्हणाले. अक्का म्हणाल्या, "ताई, नाना गयात वं... पहाटेच." मी "बरं" म्हणाले. बरं! असं कुणी म्हणतं का? पण तेवढाच शब्द तोंडातून निघाला, आणि फोन ठेवून मी चहाचा कप विसळला.

नाना भूगोलाचे निवृत्त शिक्षक. त्यांच्या घरचं इंटरनेट इतकं रडकं, की वेबसाइटवरचं अपलोडचं पान अर्ध्यातच अडकायचं. शेवटी मी त्यांना कर्ल नावाच्या, थेट फाईल पाठवणाऱ्या आज्ञेची एक ओळ दिली. कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत टाईप करायची, एंटर दाबायचं, फाईल जाते. नानांनी ती पाठ केली आणि रोज मोठ्यानं म्हणत टाईप करू लागले : "कर्ल, स्पेस, हायफन, मोठा टी..." अक्का म्हणायच्या, आमच्याकडे सकाळी स्तोत्राच्या जागी हेच चालतं. फाईल पोहोचली की सर्व्हरनं उत्तर द्यावं, म्हणून मी दोन शब्द लिहून ठेवले होते : 'मिळाली, नाना'. ते पडद्यावर दिसायचे, तरी नाना फोन करायचेच. "मियनी का?" मी वैतागायचे. "नाना, समोर लिहून आलंय ना?" "लिखेल शे ते खरं. पन तू बोल."

उत्तर पडद्यावरून वर सरकून जातं, ते जपून ठेवायचंय, असा त्यांनी एकदा हट्ट धरला. मी सांगितलं, पुढे हायफन, लहान ओ आणि एका फाईलचं नाव टाका, उत्तर त्यात जाऊन बसेल. मास्तरांनी काय करावं? आवाजाच्या फाईलचंच नाव तिथे टाकलं! फाईल माझ्याकडे नीट पोहोचली, आणि उत्तर जाऊन बसलं ते थेट त्यांच्या रेकॉर्डिंगवर. लगेच फोन. "ताई, मना आवाज गया! फाईल उघाडी ते आतमा फक्त 'मिळाली' शे." मला हसू आवरेना. म्हटलं, आवाज आधी इकडे आला, मग तिकडचा पुसला गेला, आता परत पाठवते. नाना म्हणाले, "म्हंजे मी तुनाकडे शे ना? मंग काय चिंता नही."

ते गेल्यावर हे वाक्य सारखं आठवत होतं, आणि तरीही रडू येत नव्हतं. धुळ्याला जाऊन आले, अक्कांजवळ बसले, बसनं परतले. सगळं रीतसर केलं. फक्त एक काम टाळत राहिले. जुने भाव नव्यात मिसळू नयेत म्हणून सर्व्हरवर रोजची फाईल एकाच नावानं जाते. नवी आली की आदली पुसली जाते. तिथे नानांचा शेवटचा आवाज होता, आणि त्या नंबरावर तोच वाजत होता. शिळा भाव ऐकून कुणी माल घेऊन निघाला असता तर? हे कळत होतं, तरी आमच्या धुळ्याच्या ऑफिसातल्या विद्याला मी "उद्यापासून भाव तू पाठव" असंच रोज सांगत होते. साक्रीकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. मला वाटलं, आता शिव्या बसणार. तो म्हणाला, "भाव जुना शे, माले मालूम शे. नाना सरनी खबर लागनी... ऱ्हाऊ द्या दोन दिन."

दोन दिवस राहू दिलं. मग नानांच्या आवाजाची एक प्रत वेगळी काढून ठेवली आणि विद्याला फोनवर ती ओळ सांगितली. सांगताना माझाही सूर नानांसारखा लागला. "झालं की फोन करायची गरज नाही गं, उत्तर येतं," असं मुद्दाम बजावलं. माझ्या पडद्यावर नवी फाईल आलेली दिसली. नानांची गेली. मी बघत बसले. प्रत होती जवळ, पण आता त्या नंबरावर ते कुणाला भेटणार नव्हते.

तेवढ्यात फोन वाजला. विद्या होती. "ताई, फाईल गेली बहुतेक. पण इथे 'मिळाली, नाना' असं आलंय. माझं काही चुकलं का?"

ते दोन शब्द बदलायचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. इतक्या दिवसांचं रडू एकदम आलं.

"ताई? बदलायचं आहे का ते?"

"नाही," मी म्हणाले. "ऱ्हाऊ दे."